चौथी जागा

— नाही, वाचला मी, वाचला. एकदा वाचला तरी बस हाय. घडी कर अन् पर्समध्ये ठेव, उडून जाईन पंख्याखाली. अन् बस न, उभी कावून हायेस? बोरसीहून भिलाई-तीन म्हणजे काही जवळ नाही, त्यात स्कूटीवर, अशा उन्हात — कलावती, अवं चहा ठेव, शालिकरामची पोरगी आली हाय, दामिनी — हो, मोठी, शाळेत गणित शिकवते ती. बस. काय लिहिलं हाय तुह्या कागदात? मीच सांगतो. की मिलच्या क्रेन रजिस्टरची अकरा वर्षांची पानं कम्प्युटरवर तपासली, त्यात 'ब्रेक' हा शब्द किती खेपा सापडला — शून्य. म्हणून क्रेन ऑपरेटर शालिकराम यानं ब्रेकची तक्रार कधीच लिहिली नाही. म्हणून लहानूच्या अंगावर सळ्यांचा गठ्ठा आला तो शालिकरामच्या लापरवाहीनं. झालं. चार ओळी. अन् मंगळवारी चौकशी, त्यात हाच कागद ठेवणार. बरोबर न? अन् खाली सही. कोणाची? — मले काय माहीत, पोरी. नुसता साप काढला हाय. साहेबलोकांच्या सह्या अशाच राहतात, वाचता आल्या तर मग त्या सह्या कशाच्या.

बाबा कसे हायेत? बोलत नाहीत — हो, समजू शकतो. लहानू त्याच्या हातचा माणूस होता, खाली उभा राहून हुक अडकवायचा, हा वरून केबिनमधून पाहायचा. सोळा वर्षं एकानं खालून हात वर करायचा अन् दुसऱ्यानं वरून गठ्ठा उचलायचा. तोंडानं दोघं किती बोलले असतीन देव जाणे, तिथं आवाजात ऐकू काय येते! तुह्या बापाच्या डोळ्यांदेखत झालं ते. त्यानं लिव्हर ओढला असन, दोन्ही हातांनी ओढला असन, मले माहीत हाय त्याचा स्वभाव. पण ब्रेक लागला नाही तर माणूस काय दातानं धरन क्रेनले? — जेवतात तरी का? हं. जेवतात म्हणजे पुष्कळ झालं.

तू म्हणतेस बाबा रोज लिहीत होते. लिहीतच होता. मी कधी नाही म्हणलं? पण मशीन शून्य म्हणते, तर मशीन खोटं कसं बोलन, असं तुह्या मनात हाय, आणि म्हणून तू माह्याकडं आली, की काकांनीच ते सगळं टाइप केलं होतं. खरं हाय, मीच केलं. मी मिलचा टाइमकीपर, हजेरी लिहिणारा. गेटवर बोटाचे ठसे घेणारी मशीन आली तसा मी बेकार झालो — रोज जायचं, खुर्ची गरम करायची, अन् साहेब समोरून गेले की उगीच पेन हाती घ्यायचा. मग दुर्गच्या एका क्लासात गेलो, या वयात, तुह्यासारख्या पोरापोरींमध्ये मागच्या बाकावर बसून डेटाबेस शिकलो. पीयूष हसायचा मले, आमचा पोरगा, पापा अब क्या करेंगे सीख के. पण शिकलो. अन् साहेबाले म्हणलं, सर, आपल्या क्रेन-शेडची रजिस्टरं अल्मारीत सडून राहिली, मी चढवतो कम्प्युटरमध्ये. आठ महिने लागले, दामिनी. रोज एक पान म्हणजे अकरा वर्षांची चार हजार पानं. प्रत्येक अक्षर या दोन बोटांनी. म्हणून सांगतो, त्या रजिस्टरांतलं या जगात कोणी वाचलं असन तर एक लिहिणाऱ्यानं अन् एक मी. बाकी सुपरवायझर खाली 'देखा' लिहायचे अन् निघून जायचे.

आता पाहा, तू गणिताची हायेस, तुले लवकर समजन. पानं चढवली की मशीन प्रत्येक पानाची शब्दसूची करून ठेवते — कोणता शब्द, अन् तो ओळीत कितव्या जागेवर. मग आपण तिले एक चौकशी टाकायची — या चौकशीले कोणी घाबरत नाही, हीच मजा — की बाई, सांग, कोणकोणते शब्द हायेत, प्रत्येक शब्द किती पानांत हाय, अन् सगळा मिळून किती खेपा हाय. दोन आकडे. पानं अन् खेपा. एका मिनिटात पूर्ण यादी, जास्तीवाला शब्द वर. पहिल्यांदा टाकली तेव्हा माहीत हाय वर काय आलं? 'है'. मग 'का', मग 'में'. म्हणलं हे काय कामाचं! गहू कमी अन् खडेच जास्त. तर त्याले उपाय असते. एक वगळायची यादी राहते. त्या यादीत जो शब्द टाकला तो मशीन मोजत नाही, पाहतच नाही त्याच्याकडं. इंग्रजीची यादी तयार मिळते. हिंदीची आमच्याकडं नव्हती. ती मी बसवली, हातानं, एक-एक शब्द — का, के, की, है, था, में, से, पर, भी. रजिस्टरं हिंदीतच न, तुह्या बापाची बी हिंदीच, गोंदियाची हिंदी. एकसष्ट शब्द झाले. एवढा आनंद मले पोरगा पास झाला तेव्हा बी झाला नव्हता.

मग दुसऱ्यांदा चौकशी टाकली तं खरे शब्द वर आले. पहिला नंबर — 'देखा'. दुसरा — 'क्रेन'. तिसरा...

चहा घे. घे न. साखर कमी असन, कलावतीले शुगर हाय, ती सगळ्याईलेच कमी टाकते.

तिसरा 'ब्रेक'. तेराशे सहा पानं, तेराशे चाळीस खेपा. मले आकडे पाठ हायेत, कलावतीचा मोबाइल नंबर पाठ नाही. अन् सगळ्या तुह्या बापाच्या ओळी. एकच ओळ, पाच वर्षं, रोज, पाळी सुटताना — क्रेन तीन नंबर ब्रेक देखना है. त्यात ना काना बदलला ना मात्रा. खाली — देखा. क्रेन तीन नंबर ब्रेक देखना है — देखा. मी टाइप करता करता वैतागलो होतो त्याच्यावर, खरं सांगतो. मनात म्हणायचो, अरे शालिकराम, दुसरं काही लिही न, आज पाणी आलं म्हण, कँटीनमध्ये दाळ पातळ होती म्हण. आता पाहा, पानं तेराशे सहा अन् खेपा तेराशे चाळीस, म्हणजे किती? चौतीस जास्त. चौतीस दिवस असे की तुह्या बापानं एका पानावर दोनदा लिहिलं. कोण्या दिवशी त्याले वाटलं असन की एकदा लिहिल्यानं भागत नाही. मी तेव्हा याचा विचार केला नव्हता. आता करतो. आता दुसरं काही करतच नाही.

मग शून्य कसं झालं — हेच न? सांगतो न, घाई कावून करतेस. बाहेरून ऑडिटवाले येणार होते, सेफ्टीचे. साहेबाले एक चार्ट पाहिजे होता, मोठ्ठा, रंगीत, की आमच्या मिलचं रजिस्टर काय बोलते. मी यादी दाखवली. साहेबानं पाहिली, चष्मा वर केला, म्हणाले, विजय बाबू, ये तीसरे नंबर पे क्या है? एवढंच विचारलं हं. हे निकाल असं म्हणले नाही. म्हणले असते तं बरं झालं असतं, आज नाव घ्यायले एक माणूस असता. म्हणले, ये क्या है? अन् मी — माहीत नाही मले काय झालं, क्लासमधलं सगळं ज्ञान तोंडात आलं — मी म्हणलं, सर, जो शब्द रोज येते त्यात माहिती काहीच नसते, शास्त्रच हाय ते, 'है' रोज येते, 'का' रोज येते, तसाच हा. याले बी वगळायच्या यादीत टाकून देतो, चार्ट साफ दिसन. साहेब म्हणाले, वाह, पढ़े-लिखे आदमी की बात ही अलग है. अन् मी टाकला. बासष्टवा शब्द. 'भी' च्या खाली 'ब्रेक'.

चार्टवर 'देखा' सगळ्यात वर राहिला. ऑडिटवाले खूश. म्हणाले, सुपरव्हिजन बहुत अच्छा है आपका.

अशी नको पाहू. खरंच मले वाटलं होतं की मी हुशारीचं काम केलं. वाईटपणा नव्हता माह्या मनात. तुह्या शाळेत एखादा पोरगा रोज म्हणते मॅडम पोट दुखते, दहाव्या दिवशी तू तरी वर पाहतेस का? नाही न. बस, तसंच. रोजचं दुखणं अन् रोजचा पाहुणा, दोघाईले कोणी विचारत नाही.

मूळ ओळी? तेच तं. मूळ ओळी असत्या तं आत्ता तुह्या हातात प्रिंट दिली असती. कम्प्युटर जुना, जागा भरली, तो अडकून-अडकून चालायचा. साहेबाले आकडेच पाहिजे होते. म्हणून मी सूची ठेवली अन् टाइप केलेल्या ओळी काढून टाकल्या. रजिस्टरं तं आधीच रद्दीत गेली होती, अल्मारी रिकामी पाहिजे होती म्हणून, दोन हातगाड्या. मीच वर बसून दोरी बांधली. नंतरचं चालू रजिस्टर लहानू गेला त्या दिवसापासून सापडत नाही, परवा नवं काढलं. आता राहिली नुसती सूची — शब्द अन् त्याची जागा. अन् सूची कशी बनली? 'ब्रेक' वगळून. मी सगळी नव्यानं बनवली होती चार्टसाठी. तुह्या बापाची ओळ आता तिथं अशी दिसते: पहिल्या जागेवर 'क्रेन'. दुसऱ्या जागेवर 'तीन'. तिसऱ्या जागेवर 'नंबर'. अन् मग एकदम पाचव्या जागेवर 'देखना'. चौथी जागा खाली, रिकामी. मशीन शब्द फेकते पण जागा फेकत नाही, दामिनी! एवढी इमानदारी तिच्यात हाय. तेराशे सहा पानं, सगळीकडं चौथी जागा खाली. मी परवा एक-एक मोजली, जेवणाच्या सुट्टीत, दरवाजा लावून.

— नको, नको, खुर्चीवर नीट बस. मले माहीत होतं तुले असंच वाटन, मले बी वाटलं होतं दोन मिनिटं, की सापडलं. काय सापडलं? भोक सापडलं. चौकशीत वकील विचारन, या भोकात कोणता शब्द होता? आपण म्हणू ब्रेक. तो म्हणीन, कशावरून? यादीत एकसष्ट शब्द हायेत, 'भी' हाय, 'को' हाय — क्रेन तीन नंबर को देखना है. बोल! किती सुंदर वाक्य झालं! रोजची रीत होती, म्हणीन, सगळेच लिहितात देखना है, सगळेच लिहितात देखा. रिकाम्या जागेले कोणी साक्षीदार म्हणते का?

हं? — एकसष्ट म्हणलं मी? बासष्ट. आधी बासष्ट होते. आता... तू लक्ष देऊन ऐकतेस. गणिताचीच हायेस.

बरं. आता निघालंच तं ऐक. लहानू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माह्या खुर्चीच्या मागं येऊन उभे राहिले. म्हणाले, विजय बाबू, ज़रा 'ब्रेक' डाल के देखो. मी टाकलं. आता वगळलेला शब्द शोधला की मशीन शून्य नाही म्हणत. ती वेगळीच ओळ दाखवते — की हा शब्द मी मोजत नाही, दुसरा सांगा. ती ओळ आली. लाल अक्षरात. साहेबानं वाचली. मी बी वाचली. फरक समजते न तुले? 'नव्हताच' अन् 'मोजत नाही' — या दोहोंत एक माणूस मेला हाय. कोणी बी विचारलं असतं, कावून मोजत नाही? कधीपासून? कोणी सांगितलं? साहेबानं घड्याळ पाहिलं. म्हणाले, मैं चाय पी के आता हूँ, ये लाइन क्यों आ रही है, ज़रा देख लो. अन् गेले.

मी देखा.

यादी उघडली अन् 'ब्रेक' खोडून टाकला. एवढंच. अर्ध्या मिनिटाचं काम. मग शोधलं तं कोणतीच ओळ नाही, लाल नाही, काही नाही. शून्य. शब्द मोजते आता मशीन, बरोबर मोजते, पण सूचीत तो हायेच कुठं सापडायले! साहेब आले, पाहिलं, माह्या खांद्यावर हात ठेवला. हात गरम होता, चहाच्या कपानं. मी काय केलं म्हणशीन तं मी एक शब्द खोडला, जो मीच लिहिला होता. आपलीच यादी, आपलाच शब्द. पुढं त्याचा कागद कोणी बनवला, काय लिहिलं, कोणी सही केली, ते ऑफिसचं काम, त्यात मी नाही.

मंगळवारी नाही येऊ शकत, पोरी. तू म्हणायच्या आधीच सांगतो. हात जोडतो. माहा हात दगडाखाली हाय. मी तिथं उभा राहून म्हणलं की तो शब्द मी टाकला अन् मीच खोडला, तं काय होईन? तुहा बाप सुटन? नाही. साहेब म्हणीन, हमको तो कंप्यूटर आता ही नहीं, सब विजय बाबू देखते थे. आज एक गुन्हेगार हाय, तेव्हा दोन होतीन, तुहा बाप अन् मी, अन् क्रेन तीन नंबर परवापासून चालू हाय. हो, चालू हाय. तोच ब्रेक. नवा ऑपरेटर आला, गौरव म्हणून, पंचवीस-सव्वीसचा असन. परवा माह्याकडं येऊन विचारत होता, अंकल, वो क्रेन का ब्रेक कहाँ लिखवाना है? मी म्हणलं रजिस्टर में लिख दो. दुसरं काय म्हणणार होतो.

चोर सोडून संन्याशाले सुळी, मले समजते. तुले वाटत असन हा काका आतून दगड हाय. नाही वं. शालिकराम अन् मी एकाच सालात लागलो मिलमध्ये. पीयूषच्या बारशाले त्यानं गोंदियाहून तांदूळ आणले होते, चिन्नोर, घरभर वास. मी झोपत नाही. कलावतीले विचार. दुपारी बी डोळा लागला की ती लाल ओळ दिसते.

रडू नको. रडू नको न. तू रडलीस तं कलावती बाहेर येईन, अन् तिले यातलं काहीच माहीत नाही.

बरं, हे पाहा. एक काम करतो. हे दोन आकडे लिहून देतो तुले, पानं अन् खेपा. तेराशे सहा, तेराशे चाळीस. तुह्या बापाले दाखव. त्याले तरी समजू दे की कोणीतरी मोजलं होतं. चौकशीत काय उपयोगाचं नाही, पण घरी... तुह्याजवळ पेन हाय? दे. कागद? या विजेच्या बिलाच्या मागं लिहितो. हे पाहा. 'क्रेन रजिस्टर. शब्द — ब्रेक. पानं १३०६. खेपा १३४०. मी स्वतः पाहिले.' झालं. — सही? सही कशाले? हं... खरं हाय, सहीबिगर आकड्याले काय अर्थ. तुह्या बापाले वाटन कोणी बी लिहिलं. बरं, करतो. शालिकरामसाठी एवढं तं करूच शकतो. ही घे. हा झाला माहा—

काय पाहून राहिलीस?

तो कागद कावून काढला पर्समधून? ठेव तो. दोन्ही सह्या अशा बाजूबाजूले नको ठेवू, दामिनी. दामिनी, ऐक — ते मले बसवून... सगळे उभे होते तिथं, साहेबानं स्वतःचा पेन काढून दिला होता हातात, पेन दिल्यावर माणूस काय करन? आण इकडं. माहा कागद आण. नाही, मी लिहिलेला, बिलवाला, तो दे. दे म्हणतो न!

हं.

फाडला. आता काही नाही त्यात. तुह्याजवळ तुहा कागद हाय, तो घेऊन जा.

— काही नाही वं कलावती, तू आत राहा. ती निघालीच हाय. — चहा तसाच राहिला. राहू दे. जा आता, उन्हं उतरली. अन् बाहेरचं फाटक जोरानं ओढ, तशी लागत नाही ती कडी. पाहायची हाय ती. रोज म्हणतो, पाहतो.